माडी भाड्याने मागणारा 'स्किल गेम क्लब' आणि घरमालकाची जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ नोकरीनिमित्त डोंबिवलीला असतात. सावंतवाडीत बाजारपेठेजवळ त्यांचं वडिलोपार्जित घर आहे, खाली दुकान, वर माडी. माडी गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच. गोव्यात धंदा केलेला एक ओळखीचा माणूस ती मागतोय. तिथे 'स्किल गेम क्लब' काढायचा, काही मशिनं बसवायची, दोन टेबलं रमीची. भाडं बाजारभावाच्या तिप्पट, वर नफ्यात टक्का. 'सगळे परवाने आहेत' म्हणून त्याने एक जाडजूड फाइलही दाखवलीय. प्रश्न असे: गोव्यात कॅसिनो उघड चालतात, मग अर्ध्या तासावर आपल्याकडे परवाना का मिळू नये? तो देतं कोण? आणि आपण नुसते घरमालक, आपल्याला काय होणार? जोडीला दोन छोटे प्रश्न आहेत. गावच्या मंडळाने सोरट लावली तर चालते का, आणि चुलतभावाने मटक्याच्या उधारीपोटी कोरा चेक दिलाय, त्याचं काय करायचं?

सिंधुदुर्गात वकिली करताना जुगाराच्या केसेस मी दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. म्हणून घरमालकाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुम्ही तो शेवटी विचारलात, पण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

आपल्याकडे लागू आहे तो 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा, पूर्वी मुंबईच्या नावाने, आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाणारा. त्याचं कलम 4 जुगाराचा अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे, आणि त्यात चार प्रकारची माणसं येतात. एक, जो अड्डा उघडतो किंवा चालवतो. दुसरा, जागेचा मालक किंवा ताबेदार, जो जाणूनबुजून ती जागा दुसऱ्याला अशा कामासाठी वापरू देतो. तिसरा, जो अड्ड्याची व्यवस्था पाहतो किंवा कुठल्याही रीतीने धंद्याला हातभार लावतो. चौथा, जो खेळणाऱ्यांना खेळण्यासाठी पैसे पुरवतो. शिक्षा सगळ्यांना एकाच मापाची: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पहिल्या गुन्ह्यालाही कायद्याने किमान शिक्षा घालून दिली आहे, ती कमी करायची तर न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. नुसता खेळताना सापडलेला माणूस कलम 5 खाली येतो, त्याची शिक्षा बरीच हलकी आहे. म्हणजे पत्ते हातात घेऊन बसलेल्यापेक्षा माडीचा मालक जास्त अडकतो. कायदा मुद्दाम तसा केलेला आहे. जागा मिळाली नाही तर अड्डा उभाच राहत नाही.

'जाणूनबुजून' या शब्दावर सगळे घरमालक भिस्त ठेवतात. 'माका काय ठावक? मी भाडा घेतंय तेवढाच,' हे वाक्य मी आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात अनेकदा ऐकलंय. भाडं बाजारभावाइतकं असेल, करारात किराणा किंवा शिकवणी लिहिलेली असेल आणि भाडेकरूने गुपचूप भलताच उद्योग केला असेल, तर त्या वाक्यात दम असतो. तुमच्या बाबतीत भाडं तिप्पट आहे. क्लब काढायचाय हे तुम्हाला आधीच सांगितलेलं आहे. त्याचे मेसेज तुमच्या फोनमध्ये आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नफ्यातला टक्का. कायद्यातली 'कॉमन गेमिंग हाऊस'ची व्याख्या साधारण पत्त्यांच्या खेळासाठी अशी आहे की जागेचा मालक, ताबेदार किंवा चालक यांच्या फायद्यासाठी जिथे खेळाची साधनं ठेवली वा वापरली जातात, ती जागा. तुम्ही टक्का घेतलात की व्याख्येतला फायदा तुमच्याच खात्यात जमा होतो. मग तुम्ही घरमालक उरत नाही, धंद्यातले भागीदार होता.

धाड पडते तेव्हा काय होतं ते नीट समजून घ्या. कलम 6 प्रमाणे उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी विशेष वॉरंट घेऊन दोन पंचांसह येतो. पंचनाम्यात एकेक वस्तू लिहिली जाते: टेबल, टेबलावरचं कापड, पत्त्यांचे कॅट, डावावरची रोकड वेगळी, प्रत्येकाच्या अंगझडतीतली रोकड वेगळी, मोबाईल, हिशोबाची वही, टोकन. बऱ्याचदा खाली लावलेल्या मोटारसायकलीही मुद्देमालात जातात. इथे कलम 7 येतं. रीतसर वॉरंटवर घातलेल्या धाडीत खेळाची साधनं सापडली, तर ती जागा अड्डाच आहे आणि तिथे हजर असलेले खेळायलाच आले होते असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. एरवी फौजदारी खटल्यात सगळं शाबीत करायचं ओझं सरकार पक्षावर असतं, इथे ते पहिल्याच पायरीला फिरतं. वॉरंट सदोष असेल, ज्याच्या नावाने काढलं त्याच्याऐवजी दुसराच अधिकारी आत शिरला असेल, तर हे गृहीतक गळून पडतं आणि बऱ्याच केसेस तिथेच सुटतात. पण सुटतात त्या दोन-तीन वर्षांच्या तारखांनंतर. पोलिसांची चूक होईल या आशेवर कुणी घर भाड्याने देऊ नये.

धाडीनंतरचा पहिला कागद म्हणजे घर कुणाचं हे पाहायला मागवलेला असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीचा उतारा. आपल्या कोकणातल्या घराच्या उताऱ्यावर एकच नाव असतं का? आई, दोन काका, लग्न होऊन गेलेली आत्या, वारलेल्या चुलत्याची मुलं, सगळे असतात. करारावर सही तुमची एकट्याची, पण चौकशीची नोटीस उताऱ्यावरच्या प्रत्येकाला जाऊ शकते. ज्यांनी भाड्याचा एक रुपया पाहिलेला नाही अशी सत्तरीतली माणसं जबाब द्यायला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेली मी पाहिली आहेत. नातं पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. पुढे वाटपाचा विषय निघाला की पहिलं बोट त्या केसवर जातं.

आता फाइलकडे वळू. अशी फाइल मला नवी नाही, प्लॅस्टिकच्या पानांत घातलेली, प्रत्येक कागदावर शिक्का असलेली. तुम्ही कळवलंत त्यावरून तुमच्या फाइलमध्ये काय आहे ते ओळखता येतं. पहिला कागद शॉप ॲक्टचा. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार थोडेच असतील तर परवाना लागतच नाही. धंदा सुरू केला असं ऑनलाइन कळवायचं आणि पावती घ्यायची. त्या पावतीत धंद्याचं नाव जे लिहाल ते छापून येतं, सरकारने ते तपासलेलं नसतं. दुसरा उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, तोही स्वतःच भरलेला. तिसरा जीएसटीचा क्रमांक. यावर बरेच जण फसतात, 'सरकार कर घेतंय म्हणजे मान्यता आहे' असं त्यांना वाटतं. 2023 साली जीएसटी कायद्यात जुगार, कॅसिनो आणि ऑनलाइन गेमिंगविषयी दुरुस्ती झाली, तेव्हाच संसदेने त्यात लिहून ठेवलं की या करामुळे जुगाराला मनाई करणाऱ्या इतर कायद्यांना बाध येत नाही. कर भरूनही गुन्हा हा गुन्हाच राहतो. चौथा कागद सोसायटी नोंदणीचा, 'सांस्कृतिक व क्रीडा मंडळ' अशा नावाचा. आणि पाचवा, ज्याला तो मुख्य परवाना म्हणतो, तो बहुधा सिक्कीम किंवा नागालँडचा. त्या दोन राज्यांनी ऑनलाइन खेळांसाठी परवान्याचे कायदे केले होते हे खरं आहे, सिक्कीमने 2008 साली आणि नागालँडने त्यानंतर काही वर्षांनी. पण जुगार आणि पैज हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत 34 व्या नोंदीला आहे. नागालँडच्या विधानसभेने दिलेली मुभा सावंतवाडीच्या माडीला लागू होत नाही.

मग महाराष्ट्रात परवाना कशाला मिळतो? यादी फार लहान आहे. घोड्यांच्या शर्यतीसाठी 1912 चा रेसकोर्स परवाना कायदा आहे. परवाना असलेल्या रेसकोर्सवर, शर्यतीच्या दिवशी, आखून दिलेल्या आवारात लावलेली पैज जुगाराच्या व्याख्येतून वगळलेली आहे. महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकोर्स त्यात येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असं आवार नाही, आणि त्याच शर्यतीवर सावंतवाडीत बसून फोनवर घेतलेली पैज हा सरळ गुन्हा आहे. दुसरी गोष्ट लॉटरी. ती राज्य सरकार स्वतः चालवतं, 12 एप्रिल 1969 पासून. तिची तिकिटं अधिकृत विक्रेता म्हणून विकता येतात. सनदशीर धंदाच हवा असेल तर खालच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात तो होऊ शकतो, पण माडीवर तिप्पट भाडं देण्याइतकी कमाई त्यात नाही.

तिसरी गोष्ट कॅसिनो, आणि इथे तो गृहस्थ तुम्हाला अर्धसत्य सांगतोय. 'महाराष्ट्रात 1976 पासून कॅसिनोचा कायदा आहे' हे वाक्य त्याने नक्की ऐकवलं असणार. कायदा झाला होता. तो अमलात मात्र कधीच आला नाही, कारण लागू करण्याची अधिसूचनाच निघाली नाही. मधल्या काळात तो लागू करा म्हणून कोर्टात प्रयत्नही झाले. अखेर 2023 साली राज्याने तो रद्द करून विषय मिटवला. त्यामुळे अर्ज कुठे करायचा याचं उत्तर असं की अर्ज घेणारं टेबलच नाही. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, नगरपरिषद, कुणालाच हा परवाना देण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. करमणुकीच्या जागेचा परवाना पोलीस कायद्याखाली मिळतो, व्हिडिओ गेमच्या पार्लरलाही लागतो, पण तो करमणुकीपुरता. त्या मशिनीवर पैसे लावले आणि जिंकलेले पैसे हातात दिले की परवान्याचा उपयोग संपला. उलट तोच कागद जागा तुमचीच होती याचा पुरावा ठरतो.

'परवाना नाही दिला तर हायकोर्टात जाऊ, धंदा करणं मूलभूत हक्क आहे' असंही सांगणारे भेटतात. हा मुद्दा 1957 सालीच निकालात निघालाय, तोही आपल्याच जुन्या मुंबई राज्याच्या कायद्यावरून झालेल्या चमारबागवाला खटल्यात. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला नाही. ज्या स्पर्धेत कौशल्याचा भाग मोठा, ती वेगळी.

या कौशल्याच्या दारातूनच हे सगळे 'स्किल गेम क्लब' आत येतात. 1887 च्या कायद्याचं कलम 13 म्हणतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला, पत्ते लक्षात ठेवावे लागतात, लावावे लागतात म्हणून. तीन पत्तीसारखा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा, असंही त्याच निकालात आहे. फाइलमध्ये या निकालाची झेरॉक्स असेल तर पुढची ओळही वाचा. रमीच्या टेबलावर दुसऱ्या मार्गाने जुगार चालत असेल, किंवा जागेचा मालक वा क्लब त्या खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, हे कोर्टाने तिथेच स्पष्ट केलंय. सभासदांनी चहापाणी, वीज, पत्ते यांसाठी बेताची वर्गणी देणं वेगळं आणि प्रत्येक डावामागे कटिंग, म्हणजे क्लबचा वाटा, काढणं वेगळं. तुमचा गृहस्थ टक्का देतो म्हणतोय, म्हणजे कटिंग काढणार आहे.

मशिनींचं तर बोलायलाच नको. बटण दाबल्यावर काय येणार हे मशिनीच्या आतल्या चिपवर ठरतं, खेळणाऱ्याच्या डोक्यावर नाही. व्हिडिओ गेम पार्लरवर नियंत्रण आणि परवान्याची सक्ती सरकार करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 1995 साली कर्नाटकच्या एका प्रकरणात मान्य केलं. मशिनीवर 'स्किल' असं स्टिकर लावल्याने खेळ बदलत नाही. आणि ही मशिनं चालवणारा ती आपल्या सोयीप्रमाणे लावून ठेवू शकतो, हे या धंद्यात काम केलेला प्रत्येक पोरगा जाणतो. रोज संध्याकाळी मजुरीचे पैसे घेऊन तिथे येणारा माणूस कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो. मला या धंद्याचा राग आहे तो कलमांमुळे नाही, या माणसांमुळे आहे.

गोव्याचा प्रश्न राहिला. 'गोव्यात चालतं' ही आपल्या भागातली सर्वात घट्ट समजूत आहे, आणि ती तितकीच चुकीची आहे. गोव्याचाही 1976 चा सार्वजनिक जुगार कायदा आहे आणि मुळात तोही मनाईचाच कायदा आहे. 1992 साली त्यात कलम 13अ घालून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना सरकारी परवानगीने मुभा दिली. 1996 साली पाण्यातल्या जहाजांवर टेबलावरच्या खेळांना परवानगी आली. पणजीला मांडवीच्या पात्रात दिवे लावून उभी असलेली जहाजं ती हीच. या दोन अपवादांबाहेर, म्हणजे पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाजारात एखाद्याने माडीवर टेबल मांडलं, तर तिथलेही पोलीस त्याला उचलतात. एवढंच नाही, 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना खुद्द त्या कॅसिनोंत खेळायला मनाई आहे आणि 21 वर्षांखालच्याला प्रवेश नाही. स्वतःच्या माणसांना गोव्याने दार बंद केलं. मग सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या पोरांचे पैसे काढायला हद्दीच्या अलीकडे जागा शोधणं सुरू झालं. तुमच्या माडीला तिप्पट भाडं येतंय त्याचं कारण माडीत नाही, या हिशोबात आहे.

ऑनलाइनचा भाग त्याने तुम्हाला सांगितला नसेल, पण मशिनं इंटरनेटला जोडलेली असणार किंवा काउंटरवरून 'आयडी', म्हणजे ऑनलाइन सट्टा खेळायची खाती, विकल्या जाणार, हे धरून चाला. इथे आता केंद्राचा कायदा आला आहे. ऑनलाइन गेमिंगचा प्रोत्साहन व नियमन कायदा संसदेने मंजूर केला आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. त्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ मना. देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत, पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्यालाही तीन वर्षं आणि एक कोटी. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी त्या आठवड्यातच रोखीची रमी आणि फँटसीचे पैशांचे खेळ बंद केले. या कायद्याविरुद्धच्या याचिका सुप्रीम कोर्टात गेल्या आहेत, त्यांचं जे व्हायचं ते होईल. पण एवढ्या मोठ्या कंपन्या वकिलांची फौज पदरी असून थांबल्या आणि तुमचा गृहस्थ सावंतवाडीच्या माडीवर सुरू करायला निघालाय, यावरून काय ते ठरवा.

याच संदर्भात घरातल्या तरुण मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. 'आयडी'चे पैसे फिरवायला या लोकांना दुसऱ्यांची बँक खाती लागतात. महिन्याला काही हजार देतो म्हणून कॉलेजच्या पोरांकडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतलं जातं. मग कुठल्या तरी राज्यात 1930 वर सायबर फसवणुकीची तक्रार होते, पैशाचा माग काढत खातं गोठवलं जातं, आणि मालवण-कुडाळकडचा मुलगा ज्या गावाचं नाव ऐकलेलं नाही तिथल्या पोलिसांना उत्तरं देत बसतो. खातं त्याच्या नावावर असतं, पैसा भलत्याचा.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आणखी एक भर घातली आहे. कलम 112 मध्ये टोळीने केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांत विनापरवाना सट्टा आणि जुगार यांचं नाव आहे. शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात वर्षं. जुना 1887 चा कायदा पाहून 'पाचशे रुपये दंड भरला की सुटलो' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. मालक, चालक, पैसा गोळा करणारे, पैसा पुढे पाठवणारे अशी साखळी दिसली की पोलीस हे कलम लावायला बघणार. शिवाय वारंवार शिक्षा झालेल्या अड्डेवाल्यांना तडीपार करण्याची सोय महाराष्ट्र पोलीस कायद्यात आधीपासूनच आहे.

सोरटीबद्दल. पैसे देऊन तिकीट, चिठ्ठी काढून नंबर आणि नंबरावर बक्षीस, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी झाली. सरकारच्या मान्यतेशिवाय लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे. मंडळाचा हेतू देवळाच्या जीर्णोद्धाराचा असला तरी कलमात हेतूला जागा नाही. लकी ड्रॉ ठेवायचाच असेल तर कुपन फुकट वाटा आणि बक्षिसाचा खर्च एखाद्या देणगीदाराकडून घ्या. जत्रेत रात्री दशावतार चालू असताना देवळामागे अंदर-बाहरची पाट बसते, तिची परवानगी कुणी कुणाला दिलेली नसते आणि ती कुणाला देताही येत नाही. देवस्थानच्या जागेत ती बसू देणाऱ्या मानकऱ्यांनाही वर सांगितलेलं कलम 4 लागू शकतं. कोंबड्यांच्या झुंजीही त्याच रांगेत, तिथे 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा वर लागतो. बैलगाड्यांच्या शर्यतीला 18 मे 2023 च्या घटनापीठाच्या निकालाने मार्ग मोकळा झाला, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आणि नियम पाळून त्या अलिबागच्या किनाऱ्यावरही होतात. पण शर्यत कायदेशीर आहे म्हणून काठावर लागणारी पैज कायदेशीर होत नाही. जाता जाता, आपल्या पावसाळी मुलुखाला लागू असं एक: किती पाऊस पडेल यावर पैसे लावणंही 1887 च्या कायद्यात नाव घेऊन मना केलेलं आहे, कारण तेव्हा मुंबईत पावसाचा सट्टा जोरात चालायचा.

चुलतभावाच्या चेकचं. करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल, त्याचे पैसे दावा लावून मागता येत नाहीत. आपल्या जुन्या मुंबई प्रांताला 1865 चा वेगळा कायदाही लागू आहे, त्याने पैजेला जोडून केलेले व्यवहारसुद्धा, म्हणजे खेळायला दिलेली उधारीही, वसुलीबाहेर काढली आहे. चेक न वटल्याचं, चलनक्षम दस्तऐवज कायद्यातलं कलम 138 कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या देण्यालाच लागू होतं. त्यामुळे बचाव पक्का आहे, पण आपोआप मिळत नाही. सही तुमची असेल तर चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट गृहीत धरतं, आणि मजकूर दुसऱ्याने भरलेला असला तरीही ते गृहीतक लागू राहतं, असं सुप्रीम कोर्टाने 2019 साली सांगितलंय. म्हणून भावाने आकड्यांच्या चिठ्ठ्या, ओपन-क्लोजचे (मटक्याच्या आकड्यांचे) मेसेज, खायवाळाबरोबरचं, म्हणजे मटका घेणाऱ्याबरोबरचं बोलणं जपून ठेवावं. चेक परत गेल्यावर वकिलाची नोटीस आली की पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावं, गप्प बसू नये. गप्प राहिलेल्यांच्या केसेस नंतर सावरताना फार त्रास होतो. मटका खेळल्याची कबुली त्या उत्तरात किती आणि कशी द्यायची हे वकिलाला ठरवू द्या, कारण तोही स्वतंत्र गुन्हा आहे. उधारीवर टक्क्याने व्याज लावलं असेल तर ती विनापरवाना सावकारी. 2014 च्या सावकारी कायद्याखाली ओरोसला सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. दमदाटी करणाऱ्या वसुलीवाल्यांचा आवाज या अर्जाची पोच दाखवल्यावर उतरताना मी पाहिला आहे.

आता तुम्ही करायचं काय. त्या गृहस्थाला तोंडी नाही म्हणू नका, लेखी म्हणा. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरेत: माडी क्लब, मशिनी, पत्ते वा कुठल्याही पैशाच्या खेळासाठी देण्यास माझी व माझ्या सहहिस्सेदारांची संमती नाही, यापूर्वीची बोलणी रद्द समजावी, आगाऊ घेतलेली रक्कम असेल तर ती अमुक तारखेला बँकेने परत केली आहे. रक्कम घेतलीच असेल तर रोखीने परत देऊ नका. पुढे दुसरा कुणी भाडेकरू आला तर करार नोंदवूनच करा, त्यात वापर नेमका लिहा, जुगार किंवा ऑनलाइन पैशांचे खेळ आढळल्यास करार तत्काळ संपेल असं कलम घाला, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या आणि दोन महिन्यांतून एकदा तरी स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाकरवी जागा पाहून घ्या. भाडं ठरलेलं आणि बँकेतून घ्या, टक्का कधीही नको.

आणि माडीची चावी सध्या ज्या शेजाऱ्यांकडे आहे त्यांना आजच फोन करा. तो गृहस्थ 'मालकांशी बोलणं झालंय' म्हणत मशिनं ठेवायला टेम्पो घेऊन येण्याची शक्यता आहे. त्यांनी भलेपणाने दार उघडून दिलं, वर लाइट बिल भरलं, भाडं घेऊन तुम्हाला पाठवलं, तर जागेची व्यवस्था पाहणारा म्हणून कलम 4 मध्ये त्यांचं नाव तुमच्या नावाशेजारी येईल. सामान आधीच वर चढलं असेल तर स्वतः इथे येऊन ते उचलायला लेखी मुदत द्या, त्या पत्राची एक प्रत सावंतवाडी पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्या, आणि पोच हातात येईपर्यंत सावंतवाडी सोडू नका.